‘येतो’ की ‘जातो’? डॉक्टरच्या निरोपाबद्दल वाचकांचे प्रश्न

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेतला डॉक्टर हा काळातून फिरणारा परग्रहवासी. मरायला टेकला की त्याचा चेहरा बदलतो आणि भूमिका नव्या नटाकडे जाते. त्यातल्या दहाव्या डॉक्टरचा, म्हणजे डेव्हिड टेनंटचा निरोप ‘द एंड ऑफ टाइम’ या दोन भागांच्या कथेत झाला. पहिला भाग २५ डिसेंबर २००९ ला आणि दुसरा १ जानेवारी २०१० ला दाखवला गेला. त्याबद्दल सोलापूरच्या वाचकांनी विचारलेले प्रश्न इथे घेतले आहेत. कथेचा शेवट उत्तरांत उघड झालेला आहे, तेव्हा भाग पाहायचा राहिला असेल तर आधी पाहून घ्या.

प्रश्न : डॉक्टर मरत नाही, फक्त चेहरा बदलतो. पुढच्या भागात नवा नट हजर. मग आम्ही चाहते रडतो कशासाठी? घरातले हसतात. (जुळे सोलापूर)

घरातल्यांना पहिल्या भागातला उपाहारगृहातला प्रसंग दाखवा. तिथे डॉक्टर आपल्या जुन्या सोबतिणीच्या, डोनाच्या विल्फ्रेड आजोबांना सांगतो की चेहरा बदलला तरी तो मृत्यूच वाटतो. मी जो आहे तो संपतो आणि कुणीतरी नवाच माणूस उठून चालायला लागतो. आठवणी पुढच्याकडे जातात, पण बोलण्याची ढब, चालणं, चिडणं हे सगळं त्या नटाबरोबर जातं. तुम्ही त्यासाठी रडता, आणि ते रडणं अगदी खरं आहे.

शिवाय लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी हा घाव फार आधीपासून तयार केला होता. एप्रिल २००९ च्या ‘प्लॅनेट ऑफ द डेड’मध्ये डॉक्टरच्या शेवटाबद्दल भविष्यवाणी येते की कुणीतरी ‘तो’ चार वेळा ठोठावेल. शत्रू ‘मास्टर’च्या डोक्यात चार ठोक्यांचा ढोल वाजत असतो, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर. दुसऱ्या भागात मास्टर जातो, डॉक्टर फरशीवर पडलेला असतो आणि आपण जिवंत आहोत हे त्याच्या लक्षात येतं. चेहऱ्यावर हसू यायला लागतं. तेवढ्यात काचेवर हळूच टकटक, चार वेळा. किरणोत्साराच्या कोठडीत अडकलेले विल्फ्रेड आजोबा बिचारे बाहेर काढा म्हणून ठोठावत असतात. त्यांना सोडवायचं तर तो किरणोत्सार डॉक्टरला स्वतःवर घ्यावा लागतो. ठोका जोराचा असता तर प्रसंग पडला असता. आजोबा झालेल्या बर्नार्ड क्रिबिन्सनी तो शेजाऱ्याच्या दारावर द्यावा तसा संकोचून दिलाय. घरच्यांना दाखवताना इथे आवाज कमी ठेवू नका, नाहीतर टकटक ऐकूच जात नाही.

प्रश्न : आजीसाठी या भागाची मराठी उपशीर्षकं करतोय. शेवटचं वाक्य जमत नाही. (साखर पेठ)

ते वाक्य आहे ‘आय डोन्ट वॉन्ट टू गो’. शब्द सोपे, म्हणूनच अवघड. ‘मी जाणार नाही’ लिहिलंत तर तो हट्ट होतो. ‘मला जावंसं वाटत नाही’ म्हणजे लग्नाला जायचा कंटाळा आलाय असं वाटतं. बरोबर आहे ते फक्त ‘मला जायचं नाहीये.’ त्याला ‘अजून’ किंवा ‘इथून’ जोडू नका. मराठीत हे वाक्य इंग्रजीपेक्षाही जास्त लागतं, कारण आपल्याकडे घराबाहेर पडणारा ‘जातो’ म्हणतच नाही, ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ तोंडून निघालं तर आई उंबऱ्यावरच दुरुस्त करते. म्हणून आधीच्या सगळ्या निरोपांत डॉक्टरला ‘येतो’ म्हणू द्या आणि ‘जाणं’ हे क्रियापद या एका ओळीसाठी राखून ठेवा. आजीला ते न सांगता कळेल.

दुसरी जागा रोझची, म्हणजे पुढे डॉक्टरची सोबतीण होणाऱ्या मुलीची. डॉक्टर शेवटी तिला भेटतो तो १ जानेवारी २००५ च्या रात्री, बर्फात. ती त्याला अजून ओळखतच नाही. इंग्रजीत ‘यू’ एकच, मराठीत मात्र निवड करावीच लागते. पुढे वर्षभर जी त्याला ‘तू’ म्हणणार आहे, ती इथे अंधारातल्या अनोळखी माणसाला ‘तुम्ही’च म्हणेल : ‘तुम्ही बरे आहात ना?’ तिच्या तोंडी ‘मेट’, म्हणजे ‘मित्रा’ अशा अर्थाचा शब्द आहे. सोलापूरच्या रस्त्यावर त्याला ‘दादा’ म्हणतील, पण या दोघांचं नातं माहीत असलेला प्रेक्षक तिथे हसेल, म्हणून तो गाळा. डॉक्टरने मात्र तिला ‘तू’ म्हणावं : ‘हे वर्ष तुला मस्त जाणार, बघ.’ तिचं ‘तुम्ही’ आणि त्याचं ‘तू’ लागोपाठ आले की प्रसंगातलं अंतर उघडं पडतं. मूळ इंग्रजीत ही सोय नाही.

शेवटाजवळ ऊड ही परग्रहावरची मंडळी गातात ते गीत लॅटिनमध्ये आहे, ‘वाले डेसेम’, म्हणजे ‘दहाव्या, निरोप घे’. संगीत मरे गोल्ड यांचं. त्याचं भाषांतर पडद्यावर टाकू नका. वाचण्यात डोळे गुंतले की टेनंटचा चेहरा निसटतो.

प्रश्न : तेराव्या डॉक्टरच्या निरोपात स्त्रीचा पुरुष होतो. क्रियापदं कशी सांभाळायची? (विजापूर वेस)

२३ ऑक्टोबर २०२२ चा ‘द पॉवर ऑफ द डॉक्टर’. जोडी व्हिटेकर जाते आणि तिच्या जागी पुन्हा टेनंट उभा राहतो. पुढे कोण येणार हे तिला स्वतःला ठाऊक नाही, म्हणून ‘पुढचा’ किंवा ‘पुढची’ लिहिलं की गुपित फुटलं. भविष्यकाळ वापरा. ‘होईन’, ‘होशील’ या रूपांना लिंग नाही. शेवटचं ‘टॅग, यू आर इट’ तर आपल्या गल्लीतल्या पकडापकडीतलंच आहे : ‘चल डॉक्टर, जे कोणी होशील ते हो. राज्य तुझ्यावर!’ नव्या डॉक्टरचं पहिलं वाक्य दातांबद्दल आहे. ‘मी हे दात ओळखतो’ म्हणण्यापेक्षा ‘हे दात ओळखीचे आहेत’ लिहा. प्रेक्षकाला बदल आधी चेहऱ्यावरून कळू दे.

प्रश्न : उपशीर्षकं सुरुवातीला जुळतात, शेवटी बरीच आधी येतात. काही ठिकाणी अक्षरांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. (होटगी रोड)

हे दोन वेगळे दोष आहेत. फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरीही सामावणाऱ्या अक्षरपद्धतीत (एन्कोडिंग) साठवली नाही की देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. नोटपॅडमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’ करताना खाली एन्कोडिंग बदला. मात्र एकदा प्रश्नचिन्हं साठवली गेली की अक्षरं परत येत नाहीत, म्हणून मूळ प्रत जपून ठेवा.

पुढे सरकण्याचं कारण फ्रेमचा वेग. ब्रिटिश मालिका सेकंदाला २५ फ्रेमच्या असतात, पण काही प्रती २३.९७६ ला संथ केलेल्या असतात. २५ वर बेतलेली उपशीर्षकं संथ प्रतीवर चालवली, तर तासाच्या शेवटी साधारण अडीच मिनिटं आधी येतात. म्हणजे चार ठोके पडण्याआधीच ते वाचून झालेले असतात! व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘जी’ आणि ‘एच’ या कळांनी वेळ मागेपुढे होते, पण ती सगळीकडे सारखीच सरकते. इथे फरक वाढत जाणारा आहे, त्यामुळे त्याचा उपयोग नाही. ‘सबटायटल एडिट’ या उपशीर्षकांच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट २५ वरून २३.९७६ करा, किंवा सगळ्या वेळांना १.०४२७ ने गुणा. मग पहिली आणि शेवटची ओळ तपासा. दोन्ही जुळल्या तर मधल्याही जुळतात. एका वेळी दोनच ओळी ठेवा आणि कोणतीही ओळ सेकंदापेक्षा कमी वेळ ठेवू नका. आजीसाठी दोन सेकंद धरा.

प्रश्न : तीसेक चाहते मिळून हॉलमध्ये हा भाग पाहणार आहोत. काय काळजी घ्यावी? (अशोक चौक)

पहिली गोष्ट परवानगी. घरगुती वर्गणी किंवा डिस्क घरात पाहण्यापुरती असते, हॉलमध्ये दाखवायचं तर हक्कधारकांची परवानगी लागते. तिकीट लावलं नाही म्हणून ही अट सुटत नाही.

चित्र ६ फूट रुंद धरलं तर उंची सुमारे ३ फूट ५ इंच होते. शेवटची रांग त्या उंचीच्या सहापटीत, म्हणजे २० फुटांच्या आत हवी, नाहीतर उपशीर्षकं वाचता येत नाहीत. प्रोजेक्टरचं थ्रो गुणोत्तर, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी, १.५ असेल तर तो ९ फुटांवर ठेवा. सर्वांत जास्त चुकतं ते पडद्याच्या खालच्या कडेचं. खुर्च्या असतील तर ती जमिनीपासून ४ फूट हवी, सतरंजी असेल तर ३ फूट चालेल. त्याहून खाली आली की पुढच्यांची डोकी नेमकी मराठी ओळींवर येतात.

अंधारासाठी खिडक्यांवर आपल्या सोलापुरी चादरी दुहेरी करून लावा. उजेड तर थांबतोच, पण रिकाम्या हॉलमध्ये घुमणारा आवाजही बराच मऊ होतो. भिंतीला चिकटवण्यापेक्षा दोरीवर चुण्या पाडून सोडा, चुण्यांमध्ये आवाज जास्त मुरतो. चादर प्रोजेक्टरच्या झडपांवर मात्र येऊ देऊ नका. एप्रिल-मेमधल्या सोलापुरी उन्हाळ्यात चारही बाजूंनी वीतभर जागा मोकळी नसेल तर यंत्र तापून मध्येच बंद पडतं. छताचे पंखे मधल्या वेगावर ठेवा आणि स्पीकर बसलेल्यांच्या कानाच्या उंचीवर, पडद्याच्या दोन्ही बाजूंना.

प्रश्न : एका संध्याकाळी जुना एखादाच निरोप पाहायचा तर कोणता? आणि पहिल्या डॉक्टरचा निरोप का मिळत नाही? (सात रस्ता)

‘द केव्हज ऑफ अँड्रोझानी’, १९८४, सुमारे पंचवीस मिनिटांचे चार भाग. पाचवा डॉक्टर पीटर डेव्हिसन. डॉक्टर आणि सोबतीण पेरी दोघांनाही विषबाधा होते, औषध एकालाच पुरेल इतकं उरतं आणि तो ते पेरीला देतो, जिच्याशी त्याची ओळख जेमतेम झालेली असते. २००९ मध्ये ‘डॉक्टर हू मॅगझिन’च्या वाचकांनी तोवरच्या दोनशे कथांत याला पहिला क्रमांक दिला होता आणि आमच्या मते तो योग्यच होता.

विल्यम हार्टनेलचा निरोप म्हणजे ‘द टेन्थ प्लॅनेट’चा चौथा भाग, २९ ऑक्टोबर १९६६. त्याची प्रत बीबीसीकडे उरलेली नाही. चेहरा बदलण्याचा छोटा तुकडा वाचला, कारण तो १९७३ मध्ये मुलांच्या ‘ब्लू पीटर’ कार्यक्रमात वापरला गेला होता. आवाज पूर्ण उपलब्ध आहे, कारण चाहत्यांनी घरी टीव्हीसमोर टेप रेकॉर्डर लावून तो टिपला होता. त्या आवाजावर चित्रं हलवून केलेला भाग २०१३ च्या डीव्हीडीत आहे. तो हेडफोन लावून पाहा.