कमोडची टाकी रात्रभर गळते, आख्खी टाकीच बदलावी का?

तुम्ही लिहिलंय की मिरजेत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहता, कमोडच्या टाकीतून रात्रभर बारीक सळसळ ऐकू येते आणि प्लंबरने टाकीच बदलायला सांगितलंय. टाकीला तडा गेलेला नसेल तर बदलू नका. टाकी सहसा बिघडत नाही, बिघडतात तिच्या आतले दोन भाग: पाणी आत घेणारा बॉल कॉक आणि पाणी खाली सोडणारा फ्लश व्हॉल्व्ह. यातलं नेमकं काय गळतंय हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

टाकी भरू द्या, आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने रेघ मारा आणि भिंतीतला अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा छोटा नळ) बंद करा. तासभर कोणी फ्लश करायचं नाही. पाणी रेघेच्या खाली गेलं तर फ्लश व्हॉल्व्ह गळतोय. पाणी रेघेवरच राहिलं, पण कॉक उघडल्यावर चढत जाऊन मधल्या उभ्या ओव्हरफ्लो नळीत पडायला लागलं, तर दोष बॉल कॉकचा. शंका राहिली तर कॉक बंद असतानाच टाकीत थोडा खायचा रंग टाका. अर्ध्या तासात खाली भांड्यात रंग उतरला म्हणजे व्हॉल्व्हच. अँगल कॉक जाम असेल तर पान्याने जोर लावू नका, भिंतीतच तुटतो. गच्चीवरून तुमच्या लाईनचा व्हॉल्व्ह बंद करा.

दोष फ्लश व्हॉल्व्हचा निघाला तर आधी नुसतं झाकण उचलून ठेवा आणि पुन्हा बघा. झाकणावरच्या बटणाची दांडी लांब झाली की ती व्हॉल्व्हला सतत किंचित दाबून धरते आणि पाणी झिरपत राहतं. दांडी आटे फिरवून थोडी आखूड केली की काम झालं. हे फार कमी जण तपासतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

तसं नसेल तर वॉशर. सांगली-मिरजेत बऱ्याच अपार्टमेंटमध्ये वापरायला बोअरचं पाणी असतं आणि त्यातले क्षार रबरावर पांढऱ्या खरखरीत थराने बसतात. मग वॉशर नीट टेकत नाही. टाकी रिकामी करा, व्हॉल्व्हचा वरचा भाग धरून डावीकडे पाव फेरा फिरवा. बहुतेक मॉडेलमध्ये तो उचलून हातात येतो. तळाशी गोल रबरी वॉशर दिसेल. तो काढून व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा. तो ज्या कडेवर टेकतो ती कडही बोट फिरवून बघा आणि पुसून काढा. वॉशर नवा घातला तरी कड खरखरीत असेल तर गळती तशीच राहते. वॉशरच्या एका बाजूला घळ पडली असेल आणि दुसरी बाजू सपाट असेल तर उलटा करून बसवा, बऱ्याचदा काही महिने निघतात. रबर चिकट किंवा कडक झालं असेल तर मात्र नवाच घ्या. जुना वॉशर सोबत घेऊन दुकानात जा, कारण दिसायला सारखे असले तरी माप वेगळं असतं. टाकीत ॲसिड ओतू नका, ब्लीचच्या वड्याही टाकू नका. रबर त्यानेच खराब होतं.

बॉल कॉकचं सोपं आहे. पाण्याची पातळी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाखाली साधारण एक इंच थांबली पाहिजे; फ्लोटचा, म्हणजे बॉल कॉकच्या तरंगणाऱ्या भागाचा, स्क्रू फिरवून तेवढी खाली आणा. फ्लोट काढून कानाशी हलवा, आत पाणी खळखळलं तर बदला. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ असतं, गच्चीवरची टाकीही कोणी वेळेवर धूत नाही, त्यामुळे बॉल कॉकच्या तोंडाशी किंवा आतल्या जाळीत बारीक रेती अडकते. ती धुतली की कॉक पुन्हा घट्ट बंद होतो.

पाणी बाहेर फरशीवर येत असेल तर टाकी आणि कमोड जोडणारे बोल्ट आणि कनेक्शन पाईप कोरडे पुसून टिश्यू लावून बघा. बोल्ट हातानेच थोडे आवळा, पान्याने ताकद लावलीत तर चिनी माती तडकते. कनेक्शन पाईपला आत रबरी वॉशर असतो, तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळायची गरज नाही. टाकीलाच तडा असेल तर बाहेरून लेप लावून वेळ घालवू नका, तेव्हा प्लंबरचं म्हणणं बरोबर.

ताशी लिटरभर गळती धरली तरी महिन्याला 720 लिटर होतात. आपल्याच जिल्ह्यात जत तालुक्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी माणसं आहेत, म्हणून मला हे पाणी गटारात गेलेलं सहन होत नाही. काही बदलावंच लागलं तर घरमालकांना आधी फोन करा आणि जुना भाग जपून ठेवा. रेघेची परीक्षा करून काय दिसलं ते इथेच लिहा, टाकीच्या आतला फोटोही टाका. कोणता भाग आणायचा ते बघून सांगतो.