गड्ड्याच्या यात्रेच्या व्हिडिओवर कॉपीराइट क्लेम आला तर काय करायचं? आणि अशा कायद्यांपुढे सामान्य माणसाचं काही चालतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात तुमचं स्थानिक बातम्यांचं छोटं यूट्यूब चॅनल आहे. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेतल्या (हीच गड्ड्याची यात्रा) नंदीध्वजांच्या, म्हणजे उंच मानाच्या काठ्यांच्या, मिरवणुकीचा १८ मिनिटांचा व्हिडिओ टाकलात. काठ्या होम मैदानाकडे येताना तिथल्या जत्रेतल्या पाळण्यांच्या स्पीकरवर एक सिनेमाचं गाणं चालू होतं, ते २५ सेकंद आवाजात आलं. म्युझिक कंपनीचा क्लेम आला आणि सगळ्या व्हिडिओचं उत्पन्न तिकडे वळलं. मित्र म्हणतात काढून टाक. तुम्ही विचारताय, अमेरिकेत लोकांनी असला कायदा हाणून पाडला म्हणे, मग आपल्याकडे काय करता येतं?

आधी व्हिडिओचं बघू. तो काढू नका, निदान लगेच तरी नको.

तुम्हाला आलाय तो कंटेंट आयडीचा, म्हणजे यूट्यूबच्या आपोआप गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेचा, क्लेम. स्ट्राइक वेगळा. क्लेम मशीन लावतं, त्यात चॅनलला धोका नसतो, फक्त पैसे जातात किंवा व्हिडिओ काही देशांत दिसत नाही. स्ट्राइक येतो तो मालकाने रीतसर तक्रार करून व्हिडिओ उतरवायला लावला की. एक स्ट्राइक ९० दिवस टिकतो आणि त्या मुदतीत तीन जमले की चॅनल बंद. लोक दोन्हींची गल्लत करतात. मग क्लेमला घाबरून चांगले व्हिडिओ उडवतात, नाहीतर स्ट्राइक आला तरी हातावर हात ठेवून बसतात.

मशीन आवाजाचा ठसा जुळवतं. मागे हलगी वाजतेय, माणसं ‘हर्र बोला’ करतायत, समोर पांढऱ्या बाराबंदीतली मंडळी काठी तोलतायत, हे त्याला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नसतं. ठसा जुळला की क्लेम. म्हणून ‘३० सेकंदांपर्यंत चालतं’, ‘१० सेकंदांपर्यंत फुकट’ या गोष्टी विसरा. असा नियम आपल्या कायद्यात नाही, अमेरिकेच्याही नाही. डिस्क्रिप्शनमध्ये ‘सर्व हक्क मूळ मालकाचे’ लिहून काही साधत नाही. आवाजाची पट्टी थोडी वर-खाली करणं तर सगळ्यांत वाईट, कारण उद्या वाद झाला तर तुम्ही मुद्दाम लपवत होतात असं दिसतं.

आता कायदा काय म्हणतो. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये काय केलं तर उल्लंघन होत नाही याची लांबलचक यादी आहे. तुमच्या कामाचं आहे ते ५२(१)(अ): चालू घडामोडींचं वार्तांकन, टीका, समीक्षा यांसाठी केलेला रास्त वापर. बातमीच्या चॅनलने सोहळ्याचं वार्तांकन करताना मागचं गाणं टिपलं जाणं इथे बसवता येतं. त्याच्या जोडीला दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१२ चा इंडिया टीव्ही विरुद्ध यशराज फिल्म्स हा निकाल आहे. गायिका वसुंधरा दास यांनी गप्पांच्या कार्यक्रमात आपल्याच गाण्यांच्या काही ओळी गायल्या, त्यावरून ते प्रकरण होतं. इतक्या क्षुल्लक वापरासाठी कायद्याने धावून येऊ नये, असा त्या खंडपीठाचा कल होता.

दोन ठिकाणी मात्र लोक घसरतात. एक, ५२(१)(झेडए) मध्ये धार्मिक समारंभाला सूट आहे, ती दाखवून ‘यात्रा धार्मिक आहे, आम्हाला सगळं माफ’ असं लिहितात. ती सूट समारंभात गाणं वाजवण्याला आहे. नंतर तो व्हिडिओ टाकून जाहिरातीचे पैसे घेण्याला ती लागू होईल असं गृहीत धरू नका. शिवाय पाळणेवाल्याचं गाणं म्हणजे काही धार्मिक विधी नव्हे! दुसरं, ५२(१)(यू) मध्ये पार्श्वभूमीला सहज आलेल्या गोष्टींना सूट आहे, पण ती चित्र, शिल्प, वास्तू अशा कलाकृतींना. सिद्धेश्वराच्या वाटेवरचं एखादं रंगवलेलं फलक फ्रेममध्ये आलं तर चालेल, गाण्याला हे कलम लागत नाही. डिस्प्यूटमध्ये, म्हणजे क्लेमवर घेतलेल्या हरकतीत, चुकीचं कलम टाकलंत की समोरच्याला आयतं कोलीत मिळतं.

यूट्यूब स्टुडिओत जाऊन क्लेमवर क्लिक केलंत की पर्याय दिसतील. तेवढा भाग कापणे, गाणं बदलणे, गाणं पुसणे, किंवा डिस्प्यूट. पुसण्याचा पर्याय मोहक वाटतो, पण गर्दीच्या आवाजात तो गाण्याबरोबर हलगीही खातो. व्हिडिओत ते २५ सेकंद बिनमहत्त्वाचे असतील तर सरळ कापा, क्लेम आपोआप सुटतो, डोक्याला ताप नाही. मूळ फाइल मात्र जपून ठेवा. पण त्याच क्षणी काठी मैदानात शिरत असेल तर कापू नका, भांडा.

डिस्प्यूट शक्यतो पाच दिवसांच्या आत टाका. पाच दिवसांत टाकला तर क्लेमच्या पहिल्या दिवसापासूनचं उत्पन्न बाजूला ठेवलं जातं आणि निकाल लागेल त्याला मिळतं. उशीर केलात तर डिस्प्यूट टाकल्या दिवसापासूनचं. कारण निवडताना ‘रास्त वापर’ निवडा. मजकूर इंग्रजीतच लिहा, वाचणारा मराठी असेलच असं नाही. पण तो असा असावा:

“हा सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचा वार्तांकनपर व्हिडिओ आहे. एकूण लांबी १८ मिनिटे. ६:४० ते ७:०५ या वेळेत सार्वजनिक मैदानावरील स्पीकरचा आवाज चित्रीकरणात आला आहे. गाणे आम्ही जोडलेले नाही, त्यावर निवेदन आणि हलगीचा आवाज आहे, गाणे ऐकण्यासाठी कोणी हा व्हिडिओ पाहणार नाही. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(अ) नुसार हे चालू घडामोडींचे वार्तांकन आहे.”

बस्स, एवढंच. ‘आम्ही गरीब चॅनल आहोत’, ‘कृपा करा’ वगैरे नको. वेळ, लांबी, गाणं कुठून आलं आणि कलम, या चार गोष्टींवर तो उभा राहतो.

हा डिस्प्यूट यूट्यूबकडे जात नाही, क्लेम करणाऱ्याकडेच जातो. फिर्यादीच न्यायाधीश! त्याला ३० दिवस असतात, गप्प राहिला तर क्लेम सुटतो. फेटाळला तर तुम्ही अपील करता, तिथे त्याला सात दिवस. अपिलानंतर त्याच्याकडे दोनच रस्ते, सोडून देणं किंवा रीतसर तक्रार करून व्हिडिओ उतरवणं, म्हणजेच तुम्हाला स्ट्राइक. म्हणून चॅनलवर आधीच एक-दोन स्ट्राइक असतील तर अपिलाच्या पायरीवर थांबून विचार करा. स्ट्राइक आल्यावरही प्रतिसूचना (काउंटर नोटिफिकेशन) देता येते. मग त्याला अमेरिकी कामकाजाच्या १० दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो, नाही दिला तर व्हिडिओ परत येतो. पण प्रतिसूचनेत तुमचं खरं नाव-पत्ता त्याच्याकडे जातो, खोटं लिहिलं तर शपथेवर खोटं बोलल्याची जबाबदारी येते आणि अमेरिकेतल्या कोर्टाचं अधिकारक्षेत्र मान्य करावं लागतं. सोलापुरातला व्हिडिओ, मुंबईतलं गाणं, आणि चालतो तो अमेरिकेचा १९९८ चा कायदा. आपल्या कायद्यात याहून बरी तरतूद आहे. कलम ५२(१)(सी) आणि २०१३ चे नियम म्हणतात की तक्रारीनंतर मजकूर ३६ तासांत उतरवावा, पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही तर परत ठेवता येतो. प्लॅटफॉर्म मात्र स्वतःच्याच पद्धतीने चालतात.

कोणी निराधार नोटीस पाठवून धमकावत असेल तर कलम ६० लक्षात ठेवा. अशा धमकीविरुद्ध तुम्हीच दावा लावून मनाई आणि नुकसानभरपाई मागू शकता. प्रत्यक्षात दाव्यापर्यंत क्वचितच जावं लागतं. वकिलाच्या उत्तरात ‘कलम ६०’ दिसलं की समोरची भाषा बदलते.

एक आकडा मुद्दाम सांगतो. यूट्यूबने स्वतःच प्रसिद्ध केलंय की २०२१ च्या पहिल्या सहा महिन्यांत कंटेंट आयडीचे ७२ कोटींहून अधिक क्लेम झाले. त्यांतल्या एक टक्क्याहून कमी क्लेमना लोकांनी हरकत घेतली, आणि जिथे घेतली तिथे सुमारे ६० टक्के वेळा अपलोड करणाऱ्याच्या बाजूने लागलं. मोठ्या कंपन्यांचं बळ कायद्यात आहे त्याहून जास्त आपल्या गप्प बसण्यात आहे, असं मी म्हणतो ते यावरून.

आता दुसरा अर्धा प्रश्न. तुम्ही ऐकलंय ते ‘सोपा’ (SOPA) आणि ‘पिपा’ (PIPA) या विधेयकांबद्दल. २०११ मध्ये अमेरिकेच्या संसदेत आली. मालकाने बोट दाखवलेली परदेशी साइट तिथे दिसेनाशी करायची, तिचे जाहिरातीचे आणि कार्डाचे पैसे तोडायचे, असा बेत होता. हॉलीवूड आणि संगीत कंपन्या मागे होत्या. १८ जानेवारी २०१२ ला इंग्रजी विकिपीडिया दिवसभर काळा झाला, हजारो साइट सामील झाल्या, गूगलच्या निवेदनावर ७० लाख सह्या झाल्या. दोन दिवसांत दोन्ही विधेयकं गुंडाळली गेली. पण काम केलं ते काळ्या पडद्याने नव्हे. त्या पानावर पिनकोडसारखा क्रमांक टाकला की तुमच्या खासदाराचा फोन नंबर मिळत होता, आणि लोकांनी तो फिरवला. युरोपात त्याच वर्षी अ‍ॅक्टा हा नकलींविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार आला, पोलंडपासून लोक कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर उतरले आणि ४ जुलै २०१२ ला युरोपीय संसदेने तो ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला. २०१९ मध्ये मात्र, ५० लाखांवर सह्या होऊनही, अपलोड होतानाच गाळणी लावणारा निर्देश तिथे मंजूर झाला. तरी विरोध वाया गेला नाही, अवतरण, टीका आणि विडंबन यांना संरक्षण त्यात लिहून घेतलं गेलं.

आपल्याकडे मोर्च्यापेक्षा अर्ज जास्त चालतात. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी झेरॉक्स या दुकानावर २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दावा लावला. विद्यार्थी आणि प्राध्यापकांच्या संघटना त्यात स्वतः पक्षकार झाल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये निकाल दुकानाच्या बाजूने लागला, अभ्यासक्रमासाठी उतारे छापणं कलम ५२ मध्ये बसतं हे मान्य झालं, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. नेट न्यूट्रॅलिटीच्या (इंटरनेटवर सगळ्या साइटना सारखी वागणूक) वादाच्या वेळी, २०१५ मध्ये, ट्राय या दूरसंचार नियामकाच्या प्रश्नावलीला दहा लाखांवर ईमेल गेले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये वेगवेगळ्या साइटसाठी वेगवेगळा डेटा दर लावायला बंदी झाली. कारण त्या ईमेलमध्ये ट्रायच्या क्रमांकित प्रश्नांना क्रमवार उत्तरं होती, नुसती घोषणा नव्हती.

उलटही घडलंय. परदेशातली स्वस्त पुस्तकं आणायला मोकळीक देणारी तरतूद २०१० च्या दुरुस्ती विधेयकात होती, स्थायी समितीनेही ती उचलून धरली, प्रकाशकांनी जोर लावला आणि २०१२ मध्ये कायदा झाला तेव्हा ती गायब होती. त्याच कायद्याने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा न सोडता येणारा हक्क दिला, तोही म्युझिक कंपन्यांच्या विरोधाला न जुमानता. म्हणून मी सरसकट कॉपीराइटच्या विरोधात नाही. सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, आणि बाहेरची नक्कल ‘सोलापुरी’ म्हणून विकली की चाटी गल्लीच्या कापडबाजारात काय वाटतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुमच्या हातात काय? कॉपीराइटचं खातं डीपीआयआयटी या केंद्राच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार विभागाकडे आहे. केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसार नव्या कायद्यांचे आणि नियमांचे मसुदे किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचे असतात. संसदीय समितीकडे विधेयक गेलं की वर्तमानपत्रात निवेदनं मागवणारी जाहिरात येते, मुदत बहुतेक वेळा त्याहूनही कमी. तिकडे दोन पानी पत्र पाठवायचं, कलमाचा क्रमांक, सध्याचा शब्द, हवा असलेला शब्द आणि एक घडलेलं उदाहरण. मागायचं काय, तर ५२(१)(यू) मधली ‘पार्श्वभूमीला सहज आलेली’ ही सूट संगीत आणि ध्वनिमुद्रणालाही द्या. मोठ्या कंपन्यांचे वकील असली पत्रं प्रत्येक वेळी पाठवतात, आपल्याकडून एकही जात नाही.

उदाहरण तुमच्याकडे आहेच. आजपासून एक वही घाला. क्लेमची तारीख, व्हिडिओची लांबी, जुळलेले सेकंद, गाणं कुठून आलं, डिस्प्यूटचा दिवस, निकाल, अडकलेले रुपये, एवढे सात रकाने पुरेत. सोबत स्क्रीनशॉट, कारण क्लेम सुटला की त्याचं पान नंतर सापडेलच असं नाही. सोलापुरातली आठ-दहा चॅनलं अशी वही ठेवू लागली की पुढच्या पत्राला जोडायला परिशिष्ट तयार.