वाचक विचारतात : कल्ला लाल, म्हणजे मासा निर्धोक?

प्रश्न : दादरच्या बाजारात गोड्या पाण्यातला मासा घेताना मी कल्ला लालभडक आहे ना, ते पाहते. जड धातूंचे विष त्यावरून कळते का? शिजवल्यावर ते जाते का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. लाल कल्ला ताजेपणा सांगतो, मासा कोणत्या पाण्यात वाढला ते सांगत नाही. वास्तविक धातूंचा पहिला मार कल्ल्यांवरच बसतो : तांबे सोडियम आत घेण्याची क्रिया रोखते, कॅडमियम कॅल्शियमची वाट अडवते, आणि कल्ल्यांवर बुळबुळीत स्राव साचला की पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. मृदू, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यात हा त्रास अधिक होतो, कारण कठीण पाण्यातील कॅल्शियम धातूंना कल्ल्यांवर सहजी चिकटू देत नाही. कॅडमियम पुढे मुख्यतः यकृतात व मूत्रपिंडात साठते, त्यामुळे मासा साफ करताना आतले सगळे काढून टाकण्याची आपली रीत येथे थोडी कामी येते. पारा मात्र मिथिल पारा या सेंद्रिय संयुगाच्या रूपात मांसातील प्रथिनांनाच चिकटतो. तो हळद-मीठ चोळून निघत नाही आणि कालवण कितीही उकळले तरी जात नाही. लहान मासे खाणाऱ्या मरळीत तो रोहूपेक्षा अधिक साचण्याचा संभव असतो. मुंबईतल्या प्रदूषित मिठी नदीत गळ टाकून धरलेला तिलापिया, कल्ला कितीही लाल असो, मी तरी घरी नेणार नाही.