तारखेशिवायचा नमुना

नाशिक

अनेक आशीर्वाद.

नाशिकला राहून देवमाशांच्या जनुकांवर काम जमेल का, असं विचारलंस. जमेल की! जगभरचे डीएनए क्रम जेनबँक या खुल्या संग्रहात फुकट मिळतात. समुद्र लांब असल्याने काही अडत नाही, संख्याशास्त्र कच्चं असलं की मात्र अडतं.

रामकुंडावरच्या उपाध्यायांच्या वह्या तुला माहीत असतील. गाव, आडनाव सांगितलं की पणजोबा निघतात. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया या भागाचा डीएनए म्हणजे तशीच वंशावळ, फक्त आईकडची. हंपबॅक जातीच्या देवमाशाचं पिल्लू आईमागून जिथे चरायला जातं, तिथेच बहुधा पुढेही जात राहतं. म्हणून उत्तर पॅसिफिकमधल्या चराईच्या जागा या डीएनएवरून वेगळ्या ओळखू येतात. केंद्रकातला डीएनए आई-बाप दोघांचा. विणीच्या पाण्यात सरमिसळ झाली की त्यातला फरक पुसट होतो. त्यामुळे एकाच डीएनएवरून 'हा गट वेगळा' असं ठोकून देऊ नकोस.

आपल्या अरबी समुद्रातलेच हंपबॅक घे. बाकीचे उन्हाळ्यात ध्रुवांच्या बाजूला चरायला जातात, हे जात नाहीत. नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे ओमानच्या किनाऱ्याशी खोलातलं सकस पाणी वर येतं, तिथेच यांचं भागतं. ते सुमारे 70,000 वर्षं वेगळे पडलेत, असं 2014 मध्ये जनुकांवरूनच मांडलं गेलं. गंमत पुढेच आहे: नातं दक्षिण हिंदी महासागरातल्यांशी, पण वीण उत्तर गोलार्धाच्या हिवाळ्यात. हे वेळापत्रक कळलं ते 1965 आणि 1966 मध्ये सोव्हिएत जहाजांनी इथे मारलेल्या 242 हंपबॅकांमुळे. माद्यांच्या पोटातल्या गर्भांची लांबी तेव्हा मोजली होती. किळस येते, पण नोंद तारखेसकट होती म्हणून उपयोगी पडली.

डीएनए कूळ सांगतो, महिना सांगत नाही. एकाच जनावराची जनुकीय खूण दोन ठिकाणच्या नमुन्यांत सापडली, तर प्रवासाचा पुरावा मिळतो. तोही दोन्ही नळ्यांवर तारीख आणि ठिकाण असेल तरच. 2017 मध्ये ओमानला लुबान नावाच्या मादीला उपग्रह टॅग लावला आणि ती समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याला आली. हे नुसत्या कातडीच्या तुकड्यावरून कळलं नसतं.

कोकणात मेलेला देवमासा दिसला तर हौसेने तुकडा कापू नकोस, तो गुन्हा आहे. फोटो काढ, वनखात्याला कळव. तोवर हंपबॅकचे क्रम उतरवून घे आणि कुठे अडलं तर रविवारी घरी ये.