मंडई, फूड हॉल आणि मुले : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची मुले चार आणि नऊ वर्षांची आहेत. नव्या शहरात गेल्यावर तेथील मंडई किंवा फूड हॉल पाहण्याची आम्हा दोघांना आवड आहे. परंतु धाकटा थोड्याच वेळात रडू लागतो आणि मोठी कंटाळते. काय करावे?

उत्तर : धाकट्याच्या रडण्यामागे बहुधा भूक आणि उंची ही दोन कारणे असावीत. गर्दीत चार वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या कमरा आणि पिशव्या यांपलीकडे काहीच दिसत नाही, आणि चहूकडून खाण्याचे वास येत असताना ‘आधी सगळे पाहू, मग खाऊ’ हे त्याला पटणे कठीण असते. खाणे बक्षीस म्हणून शेवटी ठेवण्याची अनेक पालकांची पद्धत मला मान्य नाही. लहान मुलाला पोहोचताच थोडे खाऊ घालावे. मात्र विक्रेत्याने चवीसाठी हातावर ठेवलेले अख्खे दाणे त्याला देऊ नयेत आणि द्राक्षे उभी चिरूनच द्यावीत, कारण या वयात असे पदार्थ घशात अडकण्याचा धोका असतो.

मंडईत सकाळी जावे, पण अगदी उजाडताना नव्हे. त्या वेळी माल उतरत असतो, हातगाड्या वेगाने फिरत असतात आणि विक्रेत्यांना बोलायला सवड नसते. फूड हॉलमध्ये दुपारच्या जेवणाची गर्दी होण्यापूर्वी पोहोचल्यास बसायला जागा मिळते.

नऊ वर्षांच्या मुलीला पाहण्यापेक्षा करण्यासारखे काही हवे असते. तिच्याकडे थोडे पैसे देऊन एक वस्तू निवडण्याचे, ती कोठून आली हे विचारण्याचे आणि हिशेब करून घेण्याचे काम सोपवावे. या वयात इमारतीची गोष्टही रंगते. फिलाडेल्फियाचे रीडिंग टर्मिनल मार्केट १८९३ मध्ये रेल्वेस्थानकाच्या फलाटांखाली सुरू झाले. १९८४ मध्ये वरच्या गाड्या बंद झाल्या, बाजार मात्र आजही चालू आहे. सिएटलमध्ये मधल्या दलालांमुळे कांद्याचे भाव कडाडल्यावर शेतकऱ्यांना थेट ग्राहकांना माल विकता यावा म्हणून १९०७ मध्ये पाईक प्लेस मार्केट उघडले. अशी हकिगत आधी सांगितली, तर तेथे गेल्यावर मुलेच प्रश्न विचारू लागतात.

घाऊक बाजार ही निराळी बाब आहे. तेथे पाहुण्यांची कामात अडचण होते, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी सोय असेल तरच मुलांना न्यावे. टोकियोच्या २०१८ मध्ये सुरू झालेल्या तोयोसू बाजारात पाहुण्यांसाठी केलेल्या वेगळ्या सज्जातून माशांचा लिलाव पाहता येतो.

प्रश्न : आमच्या सहा वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. फूड हॉल टाळावेत का?

उत्तर : ते डॉक्टरांनी सांगितलेल्या तीव्रतेवर अवलंबून आहे. जायचे ठरवल्यास एक गोष्ट लक्षात घ्यावी, की येथे प्रत्येक गाळ्याचे स्वयंपाकघर आणि कर्मचारी वेगळे असल्यामुळे एका ठिकाणी मिळालेले उत्तर शेजारच्या गाळ्याला लागू पडत नाही. ‘यात शेंगदाणे आहेत का?’ एवढेच विचारणे अपुरे आहे. तळणीचे तेल कोणते, त्यात आणखी काय तळले जाते, चिमटे आणि डाव समाईक आहेत का, हेही विचारावे. ‘बहुतेक नसावेत’ असे उत्तर मिळाल्यास तो पदार्थ मुलाला देऊ नये. टेबले सर्वांची असतात, त्यामुळे बसण्यापूर्वी टेबल ओल्या वाइप्सने पुसावे आणि मुलाचे हात साबणाने धुवावेत. सॅनिटायझरने जंतू मरतात, शेंगदाण्याचा अंश मात्र निघून जात नाही. आई-वडील वेगवेगळ्या रांगांत उभे राहणार असतील, तर डॉक्टरांनी दिलेले तातडीचे इंजेक्शन मुलासोबत असणाऱ्याकडेच ठेवावे.

प्रश्न : गर्दीत मूल हरवण्याची भीती वाटते. काय खबरदारी घ्यावी?

उत्तर : निघण्यापूर्वी त्या दिवशीच्या कपड्यांत मुलाचे छायाचित्र काढावे आणि आपला दूरध्वनी क्रमांक त्याच्या मनगटावर लिहावा. ‘आई दिसेनाशी झाली तर शोधत फिरू नकोस, जवळच्या गाळ्यावरील विक्रेत्याला सांग’, ही एकच सूचना द्यावी. आत शिरल्यावर विक्रेता म्हणजे नेमके कोण, हे एकदा बोट दाखवून सांगावे.