आभासी चलन आणि देशोदेशी फिरणारा काळा पैसा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : ब्लॉकचेनवरील प्रत्येक व्यवहार कोणालाही पाहता येतो, असे सांगतात. मग त्यातून काळा पैसा पांढरा कसा होतो? (एक वाचक, सांगली)

उत्तर : व्यवहार दिसतो, पण तो करणारा माणूस दिसत नाही. ब्लॉकचेन म्हणजे आभासी चलनाच्या व्यवहारांची सर्वांना खुली असलेली संगणकीय नोंदवही. तीत असतो तो केवळ अक्षरांचा आणि अंकांचा एक पत्ता, आणि असे असंख्य पत्ते एकच व्यक्ती विनासायास तयार करू शकते. त्या पत्त्यामागचे नाव कळण्याची सर्वांत भरवशाची जागा म्हणजे एक्सचेंज, कारण तेथे आभासी नाणी रुपयांत किंवा डॉलरमध्ये बदलली जातात आणि ग्राहकाची केवायसी, म्हणजे ओळख पडताळणी, होते. २०१६ मध्ये बिटफिनेक्स या एक्सचेंजवरून १,१९,७५४ बिटकॉइन चोरीला गेले. ती रक्कम वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्यांनी फिरवली गेली, तरीही फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकी यंत्रणांनी त्यातील ९४ हजारांहून अधिक बिटकॉइन जप्त केले. नोंद पुसता येत नाही, हे तपासाचे मोठे बळ आहे; म्हणूनच नियमनाचा सारा भर नाणी आणि बँकेतील पैसा जेथे एकमेकांना भेटतात त्या जागांवर असला पाहिजे, असे माझे मत आहे.

प्रश्न : सरकार ३० टक्के कर घेते, म्हणजे आभासी चलनाला मान्यता मिळाली असे समजायचे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. कर हा उत्पन्नावर असतो. तो भरल्याने त्या वस्तूला चलनाचा दर्जा मिळत नाही. मनी लाँडरिंगच्या दृष्टीने महत्त्वाची तारीख ७ मार्च २०२३ ही आहे. त्या दिवशीच्या अधिसूचनेने आभासी मालमत्तांची देवाणघेवाण, हस्तांतरण आणि साठवण करणाऱ्या व्यावसायिकांना पीएमएलए या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणले. तेव्हापासून ग्राहकाची ओळख पडताळणे, नोंदी जपणे आणि संशयास्पद व्यवहार वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवणे त्यांना बंधनकारक आहे, मग त्यांचे कार्यालय भारतात असो वा नसो. डिसेंबर २०२३ मध्ये या विभागाने बायनान्ससह नऊ परदेशी एक्सचेंजना नोटिसा दिल्या आणि त्यानंतर त्यांची संकेतस्थळे भारतात रोखण्यात आली. बायनान्सने पुढे नोंदणी केली आणि जून २०२४ मध्ये तिला १८.८२ कोटी रुपयांचा दंड झाला. याच कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल करून चार अब्ज डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचे मान्य केले होते. या दोन आकड्यांतील अंतर मला अस्वस्थ करते, कारण एवढ्या मोठ्या कंपनीला आपल्याकडचा दंड जाणवण्याजोगा नाही.

प्रश्न : एका देशाने कडक नियम केले तर गुन्हेगार दुसऱ्या देशात जातील. मग या नियमनाचा उपयोग काय? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि या विषयाचे मर्म तिच्यातच आहे. काळ्या पैशाला आळा घालण्याचे निकष ठरवणाऱ्या पॅरिस येथील एफएटीएफ या आंतरसरकारी संस्थेने जून २०१९ मध्ये 'ट्रॅव्हल रूल' आभासी मालमत्तांना लागू केला. एका एक्सचेंजवरून दुसऱ्या एक्सचेंजकडे रक्कम जाताना पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची माहितीही तिच्यासोबत गेली पाहिजे, असा हा नियम आहे. एफएटीएफने सदस्य देशांना १,००० डॉलर किंवा युरोपर्यंतच्या व्यवहारांसाठी सवलत ठेवण्याची मुभा दिली, तर युरोपीय संघाने ३० डिसेंबर २०२४ पासून कोणतीही किमान मर्यादा न ठेवता तो लागू केला. अडचण अशी की माहिती पाठवणारा देश सज्ज असला आणि घेणाऱ्या देशात तसा कायदाच नसला, तर ती माहिती वाटेतच अडकते. सर्व देश एकाच वेळी सज्ज होत नाहीत, तोवर ही फट राहणारच.

दुसरी अडचण अधिक कठीण आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या वझीरएक्स या एक्सचेंजवरून सुमारे २३.५ कोटी डॉलरची मालमत्ता चोरीला गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनात या चोरीची जबाबदारी उत्तर कोरियावर ठेवली. पुढच्याच महिन्यात बायबिट या एक्सचेंजवरून सुमारे दीड अब्ज डॉलर गेले. त्यामागेही उत्तर कोरियाच असल्याचे एफबीआयने जाहीर केले आणि चोरीची मालमत्ता हजारो पत्त्यांवर पांगवली जात असल्याचे सांगितले. असा पैसा मिक्सर (अनेकांची नाणी एकत्र मिसळून माग धूसर करणाऱ्या सेवा) आणि कोणा एका कंपनीच्या ताब्यात नसलेल्या विकेंद्रित सेवांमधून जातो, आणि तेथे नोटीस बजावण्यासाठी कंपनीच सापडत नाही. अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये टॉर्नेडो कॅश या मिक्सरवर निर्बंध लादले. परंतु कोणाच्याही ताब्यात नसलेली संगणकीय आज्ञावली ही मालमत्ता ठरत नाही, असा निकाल तेथील अपील न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आणि मार्च २०२५ मध्ये ते निर्बंध उठले. तरीसुद्धा नियमन निरर्थक ठरत नाही. चोराला अखेर नाण्यांचे पैसे करावेच लागतात, आणि नियम पाळणारी एक्सचेंज जितकी वाढतील तितका तो मार्ग त्याच्यासाठी महाग आणि धोक्याचा होतो.

प्रश्न : मी दुबईत नोकरी करतो. ओळखीतला एक जण माझ्याकडून यूएसडीटी (डॉलरशी मूल्य बांधलेले आभासी चलन) घेऊन गावी वडिलांच्या खात्यात रुपये जमा करून देतो. दर बँकेपेक्षा चांगला मिळतो. यात काही धोका आहे का? (एक वाचक, मूळ गाव रत्नागिरी)

उत्तर : फार मोठा धोका आहे, आणि तो आपल्यापेक्षा आपल्या वडिलांना अधिक आहे. हा हवालाच आहे. फक्त त्याचे साधन बदलले आहे. वडिलांच्या खात्यात येणारे रुपये कोणाच्या खात्यातून येतात, हे आपल्याला ठाऊक नसते. ते सायबर फसवणुकीत लुबाडलेले असतील, तर त्या पैशांचा माग काढत पोलीस वडिलांच्या खात्यापर्यंत पोहोचतात आणि खाते गोठते. शिवाय परदेशात राहणाऱ्याच्या वतीने येणारी रक्कम अधिकृत संस्थेऐवजी अन्य मार्गाने स्वीकारण्यास परकीय चलनविषयक फेमा कायद्याच्या कलम ३ ने मनाई केली आहे. चांगल्या दराच्या मोहापायी हा व्यवहार करू नये. बँक किंवा परकीय चलनाचे परवानाधारक एक्सचेंज हाउस यांच्यामार्फतच पैसे पाठवावेत. खाते आधीच गोठले असेल, तर तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचे नाव बँकेकडून लेखी मागून घ्यावे, यूएसडीटी दिल्याच्या नोंदी आणि त्या व्यक्तीशी झालेले संदेश न पुसता जपून ठेवावेत आणि वकिलाच्या सल्ल्याने ते तपास अधिकाऱ्याकडे सादर करावेत.