विज्ञानकथा वाचायला नव्याने सुरुवात करताय?

पहिली गोष्ट: जाडजूड कादंबरी सध्या बाजूला ठेवा. कथेपासून सुरुवात करा, आणि मराठीत ती जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’ या कथासंग्रहापासून. त्यातली ‘कृष्णविवर’ हीच त्यांची पहिली विज्ञानकथा. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या स्पर्धेत त्यांनी ती टोपणनावाने पाठवली आणि बक्षीस मिळवलं.

त्याच पुस्तकातली ‘उजव्या सोंडेचा गणपती’ सावकाश वाचा. संपल्यावर (आधी नको, मजा जाईल) पारदर्शक प्लॅस्टिकची लांब पट्टी घ्या, एक अर्धा पीळ द्या आणि टोकं चिकटवा. झाली मोबियस पट्टी. तिच्यावर डाव्या हाताचं चित्र सरकवत एक फेरी मारा: परत येताना हात उजवा झालेला असतो!

मग लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर. जावडेकरांकडे यंत्रापेक्षा माणूस जास्त भेटतो, म्हणून विज्ञानाची धास्ती असेल तर आधी तेच घ्या.

नवे वाचक हमखास करतात त्या चुका:
- प्रत्येक संज्ञेला अडून मोबाइल उघडणं. दोन पानं पुढे जा, बहुतेकदा लेखकच उलगडा करतो.
- अमेरिकी लेखक आयझॅक असिमॉव्हची ‘फाउंडेशन’ कादंबरी-मालिका कथेतल्या कालक्रमाने वाचणं. 1988 चं ‘प्रील्यूड टू फाउंडेशन’ आधी घेतलंत तर पुढची रहस्यं फुटतात. 1951 चं मूळ पुस्तकच आधी.
- ‘भाकीत खरं ठरलं का?’ हे तपासत बसणं. ते पंचांगाचं काम.

एखादी कथा नाही जमली तर सरळ पुढची घ्या.